दसऱ्यानंतरचा रविवार

खंडेनवमीला आमच्या शुक्रवार पेठेतल्या मंडळाच्या खोलीत पाटावर मिस्त्रीकाकांची हत्यारं मांडलेली असायची. रिंग पाने, पक्कड, प्लगपाना, फीलर गेज, सगळं आदल्या रात्री रॉकेलनं पुसून लखलखीत केलेलं. काका हळदकुंकू वाहायचे आणि त्या दिवशी कुणी कितीही घाईत आलं तरी पान्याला हात लावायचे नाहीत. दसऱ्याला गाड्यांची पाळी. चौकातल्या नळावर रांग, मंडईतला झेंडू, हँडलला माळ, चाकाखाली लिंबू. आणि नंतरच्या रविवारी फेरी, ताम्हिणीपर्यंत. नवरात्र बसलं की आजही माझं मन त्या रविवाराकडेच धाव घेतं.

पहाटे सहाला चौकात गाड्या लागायच्या. बाबांची येझदी मोटारसायकल, म्हैसूरला बनलेली, दोन सायलेन्सरवाली. गिअरचा दांडा वर उभा केला की तोच किकचा दांडा होतो, हे लहानपणी मला जादूसारखं वाटायचं. शेजारच्या अण्णांची बुलेट मात्र नुसत्या जोरावर चालू होणारी नव्हे. डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा, खटका दाबून अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, मगच किक. घाई केली तर पायाला उलटा फटका. १९८५ नंतर यामाहाची आरएक्स १०० आली आणि पोरांचे डोळे तिच्यावरच. पण फेरीत सर्वांत पुढे कोण, तर पोस्टातून निवृत्त झालेल्या नानांची लूना. सर्वांत हळू गाडी पुढे, म्हणजे कुणी मागे राहणार नाही, असा मंडळाचा नियम. पिरंगुटच्या घाटात लूना दमली की नाना पायडल मारायचे आणि मागच्या सगळ्या दणकट गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निमूट चालायच्या. मला तो नियम फार आवडतो. आजही पाळतो आम्ही.

लोकांना मोटारसायकल का आवडते, याचं उत्तर मला त्या रस्त्यावर मिळालं. चांदणी चौक मागे पडला की भूगावच्या पुढे हवा बदलते. खोलगट जागी रस्ता उतरला की गुडघ्यांना गार लागतं, चढ संपला की पुन्हा ऊब. कारमध्ये बसून हे कधी कळतच नाही. आणि वळण! मिस्त्रीकाकांनी मला शिकवलं तेव्हा म्हणाले, "नजर जाईल तिथं गाडी जाते, पोरी. खड्ड्याकडे बघू नकोस." वेगात असताना डावीकडे वळायचं तर डाव्या हँडलला हलकेच पुढे रेटायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी डावीकडेच कलते. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा गाडी माझ्या अंगाचाच भाग झाल्यासारखी कलली. तेवढ्या क्षणी घर, नोकरी, परीक्षा, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. डोकं रिकामं करायला माणसं कुठकुठे जातात; मला एक वळण पुरतं.

दुसरी गोष्ट सोबतीची. हेल्मेटच्या आत प्रत्येक जण एकटा असतो, बोलता येत नाही, तरी आरशात मागच्या गाडीचा दिवा दिसत राहतो. दिवा दिसेनासा झाला की अख्खी रांग थांबते. एका वर्षी येझदी घाटातच बंद पडली. प्लगवर काजळी धरली होती. काकांनी प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, फीलर गेजनं फट मोजली, हेडला टेकवून ठिणगी बघितली. बारा माणसं त्या निळ्या ठिणगीकडे आरतीच्या ज्योतीकडे बघावं तशी बघत उभी होती. परतताना क्लचची वायर तुटली, तरी बाबा घरापर्यंत आले. येझदीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो. त्या रात्री पेठेत दुसरा विषय नव्हता.

जुनी येझदी बनायची थांबली १९९६ साली. पार्ट मिळवायला नाना पेठेत दुकानं पालथी घालावी लागायची, तरी बाबांनी गाडी विकली नाही. लूनावाले नाना गेले. त्यांची नात तीच लूना घेऊन पुढे असते.

बाबांना आता किक मारवत नाही. गेल्या दसऱ्यानंतर येझदी मी चालवली आणि ते मागे बसले. लहानपणी मी मागे बसायचे तेव्हाची आमची खूण होती: खांद्यावर एकदा थोपटलं की थांबायचं. मुळशीच्या पुढे भाताची खाचरं फुलोऱ्यावर होती. आंबेमोहोराचा वास, आंब्याच्या मोहोरासारखा, हेल्मेटच्या आत शिरला आणि खांद्यावर एक थाप पडली. मी गाडी कडेला घेतली. मागून एकेक गाडी येऊन थांबली, एकेक इंजिन बंद झालं. बाबा हेल्मेट काढून बांधावर उभे राहिले. येझदीचं तापलेलं इंजिन निवताना टिकटिक वाजत होतं, आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही.