दुसरा आणि चौथा नमुना

नाममुद्रेची कागदी पट्टी काढून नुसते क्रमांक लावलेले चार सिगार त्या दिवशी चव पारखून गुण देण्यासाठी माझ्यासमोर आले. चारही रोबुस्तो, म्हणजे 5 इंच लांब आणि 50 गेजचे. एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, त्यामुळे जाडी जेमतेम 20 मिलिमीटर. एकेका नमुन्याला तासभर जातो आणि धूर छातीत न घेता तोंडातच फिरवला तरी निकोटीन चढतेच, म्हणून दिवसाकाठी चारांच्या पुढे मी जात नाही.

दुसरा नमुना दिसायला देखणा होता. आवरणाचे पान तेलकट, शिरा बारीक, आणि बोटांनी दाबत गेल्यावर पोकळी कुठेच लागली नाही. पेटवण्यापूर्वी कोरडा झुरका घेताना हवा थोडी अडली, पण तेवढी नोंद करून मी पुढे गेलो. पहिला तृतीयांश संपायच्या आतच धूर विरळ झाला. तो मिळावा म्हणून मी नकळत जोराने आणि भरभर ओढू लागलो, टोक तापले आणि जिभेवर जळक्या कडवटपणाखेरीज काही उरले नाही. ‘आंबवण अपुरी’ असा शेरा मारून मी 100 पैकी 78 गुण दिले. आंबवण अपुरी राहिलेल्या पानाला अमोनियाचा उग्र दर्प येतो आणि इथे तो मुळीच नव्हता, हे शेरा लिहिताना माझ्या ध्यानात यायला हवे होते.

चौथ्यात भाजलेला कोको होता, देवदाराचा सुगंध होता, आणि धूर नाकावाटे सोडला की मिरीची हलकी झणझण जाणवत होती. करडी, घट्ट राख इंचभर टिकली. त्याला 91 दिले.

संध्याकाळी कोणता क्रमांक कोणत्या सिगारचा याची यादी उघडली तेव्हा कळले की दोन्ही सिगार एकाच पेटीतले होते. दुसऱ्याचे उरलेले थोटूक मी पात्याने उभे चिरले. रोपाच्या शेंड्याकडचे जाड, सावकाश जळणारे लिगेरो पान सिगारच्या मध्यभागी लांबीने सरळ बसायला हवे. इथे ते दोरीसारखे पिळले जाऊन हवेची वाट अडवून बसले होते. मी गुण रद्द केले, शेरा खोडून ‘पीळ पडल्याने ओढ बंद, चवीविषयी मत नाही’ असे लिहिले आणि त्याच पेटीतला आणखी एक सिगार दुसऱ्या दिवसासाठी मागून घेतला.