मरणाबद्दल घरात बोला, आयसीयूच्या दाराशी नको

आयसीयूच्या बाहेर डॉक्टर विचारतात, व्हेंटिलेटर लावायचा का? उत्तर लगेच हवं असतं, आणि ज्याला विचारलंय त्याचं आपल्या आईशी किंवा वडिलांशी या विषयावर आयुष्यात कधी एक वाक्यही बोलणं झालेलं नसतं. मग तो अंदाजाने काहीतरी सांगतो आणि तो अंदाज पुढे कित्येक वर्षं उराशी घेऊन फिरतो.

माझ्या मावशीच्या वेळी हेच झालं. ब्रेन हॅमरेज, बेशुद्धच नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खरं काय ते नीट समजावून सांगितलं, पण तिचा मुलगा, आमचा दादा, म्हणाला सगळं करा आणि मुलगी, आमची ताई, म्हणाली आता तिला त्रास नको, आणि दोघांचंही तिच्यावर सारखंच प्रेम होतं हो. काही आठवडे मावशी नळ्यांमध्ये होती, मग गेली. दादा अजून म्हणतो मी तिला उगाच ताटकळत ठेवलं का, ताईला वाटतं आपण तिला जा म्हणालो. दोघं एकमेकांशी बोलतात पण पूर्वीसारखं नाही. मावशी एकदा जरी म्हणाली असती की मला असं हवंय किंवा नकोय, तरी हे ओझं दोघांवर आलं नसतं.

मावशीचा तेरावा करून आम्ही कोथरूडला घरी आलो आणि आईने चहा टाकता टाकता सांगितलं, माझ्या बाबतीत असं करायचं नाही. बाबा लगेच, काय तिन्हीसांजेला अभद्र बोलतेस. आई म्हणाली, अहो मग सकाळी बोलू. आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसली.

तिने जे सांगितलं ते इतकं स्पष्ट होतं की मी ऐकतच राहिले. बरी होण्यासारखी असेन तर काय वाट्टेल ते करा, ऑपरेशन करा, व्हेंटिलेटर लावा, माझी ना नाही. पण परत उठायची शक्यताच नाही असं डॉक्टर म्हणाले तर मशीन नको, नाकातून नळी नको. दुखायला मात्र अजिबात नको, त्याचं औषध भरपूर द्या. जमलं तर घरी आणा, खिडकीजवळच्या पलंगावर. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, तो व्हिडिओ कॉलवर होता, त्याला ती म्हणाली, तुझ्या विमानासाठी मला मशीनवर ठेवायचं नाही, तू आत्ताच येऊन भेटून जा, तेव्हा येण्यापेक्षा मला ते जास्त आवडेल. तो खूप रडला. आईपण रडली. पण त्याने त्याच आठवड्यात तिकीट काढलं, आणि तो आला तेव्हा दोघं रोज तास न् तास बोलत बसायचे, हे मी कधीच विसरणार नाही.

याला आपल्याकडे कायद्याचा रस्ता आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून लिहिते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या २०१५ पर्यंत अंथरुणावरच होत्या (तिथल्या नर्सेसनी त्यांना इतकी वर्षं जिवापाड सांभाळलं, हेही लक्षात ठेवायला हवं). त्यांच्याच केसमध्ये २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवण्याच्या प्रश्नावर पहिल्यांदा मोठा निकाल दिला. मग ९ मार्च २०१८ ला कोर्टाने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार हवेत किंवा नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं. पण तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जाणार तिथे. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं. तुमच्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालायची, एकापेक्षा जास्त चालतात. एक कॉपी त्यांना, एक फॅमिली डॉक्टरना, एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मत बदललं तर लेखी देऊन कधीही रद्द करता येतं.

आणि मुलं कंटाळून मशीन बंद करतील अशी भीती ज्यांना वाटते (बाबांना वाटते) त्यांच्यासाठी, हा कागद लागू होतो तो माणूस स्वतः निर्णय घ्यायच्या स्थितीत नसेल आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तेव्हाच. हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं एक बोर्ड बघतं, मग दुसरं तीन डॉक्टरांचं बोर्ड बघतं, त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला असतो. इंजेक्शन देऊन मारणं वगैरे यात काही नाही, ते आपल्याकडे आजही बेकायदाच आहे.

उपचार थांबवले म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडलं असंही नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना, धाप, मळमळ, भीती या सगळ्यावरचे उपचार चालूच राहतात. आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटसाठी हे काम करतंय, तेही मोफत. तिथे शेवटच्या दिवसांतच जायचं असतं हा गैरसमज आहे, जितकं लवकर जाल तितका उपयोग जास्त.

आईला देहदान करायचंय, ससूनला, म्हणजे बीजे मेडिकलला. डोळे पण द्यायचेत, ते सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पापण्या मिटून ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी. देहदानाचा फॉर्म भरला तरी ऐनवेळी फोन करणार घरचेच, त्यामुळे घरच्यांना ते मनापासून पटलेलं असणं महत्त्वाचं. बाबांना अजून पटलेलं नाही. वैकुंठ स्मशानभूमीत रीतसर व्हावं, दहावा व्हावा, असं त्यांना वाटतं आणि मला त्यांचंही म्हणणं कळतं, शेवटी मागे राहणाऱ्यालाही काहीतरी करावंसं वाटतंच ना.

मृत्युपत्र हा वेगळा कागद, तो साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी कायद्याने चालतो, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं बरं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याचेच झाले असंही नसतं, तो वारसांच्या वतीने घेतो. एवढं कळलं तरी भावंडांची निम्मी भांडणं टळतील.

आणि गेल्यानंतरचं. ताई सांगते की तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, शेजारच्या काकूंचं पिठलंभात यायचं, ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागलेली, आणि मग एकदम सगळं शांत. सुटली गं ती, सोनं झालं, असं लोक म्हणतात, चांगल्या मनानेच म्हणतात, पण तिला हवं असतं की कोणीतरी मावशीचं नाव काढावं, तिच्या अळूवड्यांबद्दल बोलावं, तिचा फोनवरचा मोठा आवाज आठवावा. लोकांना वाटतं नाव काढलं की हिला रडू येईल. अहो येऊ दे की! दोन-तीन महिन्यांनी जा, सहा महिन्यांनी जा, तेव्हा खरी गरज असते.

आईचा कागद झालाय, नोटरी झालंय, एक कॉपी माझ्या कपाटात आणि एक भावाकडे. बाबांशी गणपती झाले की बसायचं ठरवलंय, सकाळी. त्यांना आईसारखंच हवं असेल असं मी धरून चालणार नाही, व्हेंटिलेटर लावा म्हणाले तर तसं लिहू, दहावा हवा तर तेही लिहू.