गावाच्या मतदानाचा खरा टक्का : माझा अनुभव

खानदेशातल्या लहान गावाला बहुधा एकच मतदान केंद्र असतं, त्यामुळे ‘गाव कोणाकडे’ हे निकालानंतर झाकून राहत नाही. मतपत्रिकांच्या काळात गठ्ठे मिसळून मोजण्याची सोय होती. आता नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालपत्रकात, प्रत्येक केंद्राची उमेदवारवार मतं छापून येतात. मी आकडे तिथूनच उचलतो, कारण पारावरचा अंदाज निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचाच बरोबर आलेला असतो.

मतांचे आकडे असे सहज हाती लागतात. टक्का काढताना मात्र खरी कसोटी लागते, कारण मतदार यादीच फुगलेली असते. अंतिम यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवली की ती चित्ररूपात येते, त्यात नाव शोधता येत नाही. छापून घ्यायची आणि गल्लीवार जाणती माणसं बसवून प्रत्येक नावापुढे खूण करायची: म मयत, ल लग्न होऊन गेलेली, दु दुबार, सु कामासाठी सुरतला. बीएलओ (यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) सोबत असतील तर काम निम्मं होतं. मतदानाच्या संध्याकाळी पोलिंग एजंटची, म्हणजे केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या माणसाची, यादी मागून घ्यायची. त्यानं दिवसभर मत देऊन गेलेल्यांच्या नावांपुढे पेनानं टिकल्या केलेल्या असतात, घामानं पानं चिकटलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी रद्दीत जाते. एकूण मतदान मात्र केंद्राध्यक्षांनी एजंटला दिलेल्या नमुना १७-सीच्या (नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या) प्रतीवरूनच घ्यायचं. टिकल्यांची बेरीज चुकतेच.

समजा यादीत ९४० नावं आणि मतदान ५५८. सरकारी टक्का ५९.४. मयत ३५, लग्न होऊन गेलेल्या ४८ आणि दुबार २७ वगळले की ८३० उरतात, टक्का ६७.२. सुरतला असलेले १५० जणही वगळले तर तोच टक्का ८२ होतो. म्हणजे ज्याला आपण उदासीनता म्हणतो, ती बरीचशी यादीतच असते. तरी सुरतवाले मी पूर्णपणे वगळत नाही, दोन्ही आकडे शेजारी लिहितो. सुरतच्या उधना-लिंबायतकडची हीच माणसं ग्रामपंचायतीला पॅनलच्या गाडीनं येऊन मत देतात. लोकसभेला त्यांना आणायला कोणी गाडी धाडत नाही.

तारीखही बघावी लागते. २०२४ ला जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी. आखाजीला लेकी माहेरी येतात. नाव सासरच्या यादीत गेलं असेल, तर ते मत त्या दिवशी बुडण्याचा संभव. माहेरच्याच यादीत राहिलं असेल, तर इथे पडण्याचा. म्हणून अशा वेळी ‘ल’ची खूण डोळे झाकून वगळायची नाही, एजंटच्या टिकल्यांशी ताडून बघायची. नोव्हेंबरात विधानसभा असली की चाळीसगाव भागातले ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघालेले असतात, तेव्हा त्या वस्त्यांचा टक्का पडतो.

कल ठरवताना एका निवडणुकीवर भिस्त ठेवू नये. धुळे लोकसभेत मे २०२४ मध्ये काँग्रेस ३,८३१ मतांनी जिंकली. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. मी निदान दोन लोकसभा आणि दोन विधानसभा घेतो आणि प्रत्येक वेळी केंद्राचा क्रमांक नव्हे, हद्द जुळवतो. केंद्रं वाढली-घटली की क्रमांक सरकतो, आणि आपण शेजारच्या गावाची मतं आपली म्हणून मांडून बसतो.

ग्रामपंचायतीचा निकाल या हिशेबात धरतच नाही. तिथे पक्षचिन्ह नसतं, पॅनल असतं, आणि एका पॅनलमध्ये भाऊबंदकी, सोसायटीचं राजकारण आणि विहिरीच्या पाण्याचे वाद एकत्र नांदतात. शिवाय एक मतदार सरपंचासाठी एक आणि प्रभागात दोन-तीन बटणं दाबतो, त्यामुळे उमेदवारांची मतं बेरजेला घेतली तर मतदार दुप्पट-तिप्पट दिसतात. टक्का काढायचा तर सरपंचपदाचं मतदान घ्यावं. तेही बिनविरोध असेल, तर प्रत्येक प्रभागातल्या एकाच जागेची मतं नोटासकट मोजावीत.