काकूच्या नावाआधी

शनिवार, रात्री अकरा

काकूला पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. तिला हल्ली फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे राजापूरकडच्या त्या घरी पत्रच पाठवावं लागतं. इतकी वर्षं ओळ ठरलेली होती: 'ती. स्व. काका व सौ. काकू यांस शि. सा. नमस्कार.' काका जाऊन दीड महिना झाला. ओळीतला अर्धा भाग गेला, आणि उरलेल्या अर्ध्यातलं 'सौ.'सुद्धा.

दिवस झाल्यावर एका नातेवाइकांचं सांत्वनाचं पत्र आलं होतं. पाकिटावर 'गं. भा.' गंगाभागीरथी. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असणार. पण या बाईचा नवरा गेला, हे पोस्टमनपासून सगळ्यांना पाकिटावरच कशासाठी कळायला हवं? काकूनं ते पाकीट न उघडताच फळीवर ठेवून दिलं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव मांडला होता, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. मला ती पटली होती. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. कपाळावरचं कुंकू पुसायचं नाही असं ठरवायचं आणि नावाआधीचं 'सौ.' मात्र पुसायचं, हे कसं?

आई गेली तेव्हा बाबांच्या नावाआधीचं 'श्री.' जागचं हललं नाही. लग्नाआधी तेच, लग्नानंतर तेच, आई गेल्यावरही तेच.

'श्रीमती' लिहावं असंही मनात आलं. शब्द मुळात 'श्रीमान'च्या जोडीचा, हिंदीत तर सरसकट विवाहितेला लावतात. आपल्याकडे मात्र वाचणारा त्यातून तोच अर्थ काढतो. पाकिटावर शेवटी नुसतं तिचं नाव घातलं. ते पूर्ण लिहिताना लक्षात आलं, की मी ते आजवर कधी लिहिलंच नव्हतं.

आतला मायना राहिला होता. शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं आठवलं: तीर्थरूप फक्त आईवडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. आणि मग एकदम दिसलं, की इतकी वर्षं मी 'ती. स्व.' काकांना लावत होते आणि काकूला 'सौ.' काका माझे कोण ते लिहीत होते, काकू मात्र काकांची कोण तेवढंच. गोवर आला तेव्हा माझ्या उशाशी रात्रभर बसलेली तीच होती. हे काका असतानाच सुचायला हवं होतं.

'ती. स्व. काकूस शिरसाष्टांग नमस्कार' असं लिहिलं, काही न तोडता, पूर्ण. पुढे 'आपली प्रकृती' लिहिणार होते, पण तिला समोर कधी 'आपण' म्हटलेलं नाही. 'तुझे गुडघे कसे आहेत?' असं विचारलं.

शेवटी हात सवयीनं लिहून गेला: 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.' लिहून झाल्यावर पोटात तुटलं. त्या घरात आता मोठं कोण आणि लहान कोण? खोडणार होते, पण खोडलेली ओळ ती उजेडाला धरून वाचेल. शेजारची दोन पोरं संध्याकाळी तिच्याकडे परवचा म्हणायला येतात. 'लहानांस'च्या वर बारीक अक्षरात त्यांची नावं घातली. उद्या रविवार, पत्र सोमवारी पेटीत टाकीन.