सीपीयू रेंडरिंगवर आले, पण मधले १३ दिवस दुकानात गेले

मी कोल्हापुरात आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू करून देते, म्हणजे इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल त्याचं कॉम्प्युटरवरचं चित्र. मॉडेलवरून असं चित्र तयार करणं म्हणजे रेंडरिंग. चार वर्षं सगळं काम ग्राफिक्स कार्डावर चाललं. फ्लॅटचं इंटिरिअर असो की राजारामपुरीतल्या दुकानाचं एलिव्हेशन, कधी अडलं नाही. अडलं ते पन्हाळ्याच्या बंगल्यात. उतारावरची जागा, काळ्या दगडाच्या भिंती, मागे झाडीच झाडी. झाडं, गवत, दगडाचे मोठे टेक्श्चर (पृष्ठभागाचे फोटो) चढवत गेले आणि कार्डाची १२ जीबी मेमरी भरली. झाडं कमी केली तर आर्किटेक्ट सर म्हणाले, "डोंगर बोडका दिसतोय." बरोबरच होतं त्यांचं. तसलंच दुसरं कार्ड घेऊनही भागलं नसतं, कारण दोन कार्डांच्या मेमरीची बेरीज होत नाही.

साधी रॅम मात्र वाढवता येते, आणि सीपीयूवरचं (मुख्य प्रोसेसरवरचं) रेंडरिंग तीच वापरतं. म्हणून कोरोना रेंडररवर यायचं ठरवलं. हे रेंडरिंगचं इंजिन सीपीयूवर चालतं, थ्रीडीएस मॅक्स या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसतं, आणि मॅक्स मी वापरतेच. मॉडेलमधली मटेरियल नव्या इंजिनसाठी बदलण्यात दोन दिवस गेले, त्यात विशेष काही नाही. नवीन मशीन घेतली: रायझन ९ ५९५०एक्स, १६ कोअर, ३२ थ्रेड, ६४ जीबी रॅम. या प्रोसेसरसोबत त्याला गार ठेवणारा कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. दुकानदारानेच मोठा टॉवर कूलर दिला आणि बसवूनही दिला.

पहिला व्ह्यू लावला. साडेतीन तास लागले. मला वाटलं, सीपीयू म्हणजे असंच असणार. पण प्रोसेसरचा वेग मोजणारं सिनेबेंच आर२३ लावून बघितलं, तर हाच प्रोसेसर लोकांकडे २५ हजारांच्या वर स्कोअर देतो आणि माझ्याकडे १४ हजारांच्या आसपास. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं. रेंडर सुरू केल्यावर मिनिटभरात तापमान ९० वर, आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, उतरत उतरत २.१ गिगाहर्ट्झवर. ९० डिग्री ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

मशीन घेऊन दुकानात गेले. स्क्रीनचे फोटो दाखवले. काउंटरवरच्या माणसाने फोटोकडे बघितलंही नाही. "मॅडम, मशीन ओके हाय. तुमचं सॉफ्टवेअरच लय हेवी हाय." ठेवून जा म्हणाले. चार दिवसांनी फोन आला, विंडोज नवीन टाकलीय. मला न विचारता. मॅक्स, कोरोना, लायब्ररीचे पाथ, लायसन्सचं लॉगिन, सगळं पुन्हा करण्यात एक अख्खा दिवस गेला, आणि तापमान तिथेच, ९०. पुन्हा नेली. या वेळी रॅम बदलली म्हणाले. सहा दिवस. मी रोज सकाळी फोन करत होते, रोज "संध्याकाळी बघतो" ऐकत होते. रेंडरिंगला सगळे कोअर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतात, गेम किंवा टॅलीसारखं नसतं, हे मी तीनदा समजावून सांगितलं. एकदा तरी माझ्यासमोर दहा मिनिटं लोड देऊन बघा, एवढंच मागणं होतं. त्यांनी डेस्कटॉप उघडून दाखवला, तापमान ४५. "बघा की, गार हाय." रिकाम्या मशीनचं तापमान बघून काय कळणार!

तेराव्या दिवशी मशीन घरी आणली. बाजूच्या पत्र्यावर दुकानाचं स्टिकर होतं, फाडलं तर वॉरंटी नाही. एवढे दिवस त्या स्टिकरपायी मी आत हात घातला नव्हता. त्या रात्री फाडलं. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. बेअरिंग तापलंय का हे ते हाताने बघायचे, तीच सवय मला. रेंडर लावला, स्क्रीनवर ९० दिसत होतं, आणि कूलरच्या वरच्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावलं तर गार. मागच्या पंख्यातून येणारी हवाही गार. चिप तापलीय आणि कूलर गार, म्हणजे उष्णता वर चढतच नव्हती.

कूलर काढला. तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच होती. बसवण्याआधी काढा, असं तिच्यावर लाल अक्षरात छापलेलं. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट तिच्या खालून लावलेली. मशीन दोनदा दुकानात गेली आणि एकानेही कूलर उचलून बघितला नव्हता.

फिल्म काढली, जुनी पेस्ट पुसली, नवीन लावली. तापमान ७४, क्लॉक ३.९, तोच व्ह्यू दोन तासांच्या आत. मी एकटीच खोलीत होते, तरी मोठ्याने "झालं!" म्हटलं. दुकानात फोन करून सांगितलं. "असं होतं कधी कधी" म्हणाले. माफीचा शब्द नाही. त्याचा राग अजून आहे.

तुम्ही घेणार असाल तर कूलर तुमच्यासमोर बसवून घ्या आणि दुकानातच सिनेबेंचची दहा मिनिटांची टेस्ट चालवायला लावा. दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल. स्वतः कूलर काढणार असाल तर आधी मशीन पाच मिनिटं लोडवर चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, कूलर हलका पिळत उचला. सरळ ओढला तर या सॉकेटमधून प्रोसेसरच कूलरसोबत निघून येतो.

मटेरियलबद्दल एक राहिलं: बंप (खडबडीतपणा) आणि ग्लॉसिनेस (चकाकी) ठरवणारे मॅप, म्हणजे चित्रं, गॅमा १.० ने (उजळपणात बदल न करता) लोड करा, नाहीतर दगड उगाच चकचकीत किंवा मळकट दिसतो. आणि जुनं कार्ड विकू नका. व्ह्यूपोर्टला (काम करताना मॉडेल दिसतं त्या खिडकीला) ते लागतंच, शिवाय चित्रातले दाणे, म्हणजे नॉइझ, साफ करणारा एनव्हिडियाचा डीनॉइझर त्याच्यावरच चालतो. मी नॉइझची मर्यादा ४ टक्के ठेवते, उरलेलं डीनॉइझर साफ करतो. कोरोनातल्या लाइटमिक्समुळे रेंडर झाल्यावरही दिवे कमी-जास्त करता येतात. सरांना संध्याकाळचा व्ह्यू जरा पिवळा हवा होता, तो पुन्हा रेंडर न करता तिथेच दिला. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते, म्हणून ऑटोसेव्ह चालू ठेवा. सेव्ह झालेल्या फाइलवरून रेंडर पुढे सुरू करता येतो.

परवा पन्हाळ्याचे सहा व्ह्यू सगळ्या झाडीसकट रात्री दहाला लावले. सकाळी साडेसातला उठून बघितलं तर पाचवा संपत आला होता.