पाठीवरची माशी

जेवण झालेलं, लाइट गेलेली, आणि उकाड्यानं बनियनही काढून मी फरशीवर पालथा पडलेलो. अशा वेळी माशी बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध बसते. तिथं ना हा हात पोचतो ना तो. अंग हलवलं की उडते आणि परत तिथंच. मला तेव्हा गावाकडच्या देवणी बैलाचा फार हेवा वाटतो. एवढ्याशा कामासाठी तो अंग हलवत नाही. माशी बसली तेवढीच कातडी सर्रकन थरारवतो, माशी उडते, रवंथ चालूच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, हे मी फार जवळून पाहिलंय. आजोबा हळद-लोण्यानं बैलांचे खांदे मळायचे. जू वाहून वाहून तिथं घट्टा पडलेला असायचा, त्यावर त्यांचा अंगठा फिरत राहायचा. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,' हे म्हणताना आवाज अगदी व्याह्याला बोलावल्यासारखा. माझं काम वाटी धरून उभं राहायचं. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात गवताची काडी. बरगडीला काडी लावली की कातडी थरारायची. पुन्हा लावली, पुन्हा थरारली. 'आरं, सणासुदीचं तेला कामून छळायलास?' असा आवाज येईपर्यंत हा उद्योग चालायचा. मग घरी येऊन तीच काडी स्वतःच्या पोटाला लावून पाहिली. गुदगुल्या तेवढ्या झाल्या.

बैलाच्या धडावर कातडीखाली स्नायूचा एक पातळ पदर पसरलेला असतो, त्याची ही करामत. माणसाचा तो पदर जवळजवळ गेलाच. मानेवर थोडा राहिलाय. दाढी करताना खालचा ओठ खाली ओढून मान ताणली की पट्टे उभे राहतात, तो. चेहऱ्याचे स्नायूही तसेच. अंगातले बहुतेक स्नायू या हाडाकडून त्या हाडाकडे जातात, चेहऱ्यावरचे मात्र कातडीलाच येऊन चिकटतात. म्हणजे बैल पाठीनं करतो ते आपण कपाळानं करतो. अवेळी आलेल्या पाहुण्याला बघून आमची आजी कपाळाला ज्या आठ्या घालायची, त्यात माशी उडवण्याचाच हेतू असायचा.

आपला हुकूम ऐकणाऱ्या स्नायूंचा कारभार तरी कुठं सरळ आहे? माळेगावच्या यात्रेत जनावरांचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालात, बोटांनी बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं अवाक्षर नाही. पण बोटांत स्नायू नसतातच! काही बारके तळहातात, आणि मूठ आवळणारे दणकट गडी पार कोपराखाली. तिथून लांब कंडरा बोटांपर्यंत गेलेल्या. डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरा आणि बोटं हलवा, आत खळबळ लागते. रुमाल झाकायचा बोटं, आणि भाव ठरायचा बाहेर, उघड्यावर. एखाद्या दलालाला हे कळलं असतं तर त्यानं समोरच्याच्या बाह्या खाली करायला लावल्या असत्या. शिवाय स्नायूला ओढता येतं, ढकलता येत नाही. बेटकुळी फुगवून हात वाकवता येतो, पण सरळ करायला दंडाच्या मागचा दुसराच स्नायू लागतो.

कानांचं मात्र मला अजून दुःख आहे. देवणीचे कान लांब आणि लोंबते, तरी मागं पाऊल वाजलं की त्या बाजूला वळणार. आपल्यालाही प्रत्येक कानाला तीन-तीन स्नायू दिलेत, आवाज आला की ते अजून किंचित दचकतातही. यंत्र लावलं तर नोंद मिळते, कान मात्र जागचा हलत नाही. आमच्या वर्गात एकाला ते साधलं होतं. मास्तर फळ्याकडे वळले की तो दोन्ही कान मागं घ्यायचा, वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि मार हसणाऱ्यांना. तो गंभीर.

चार्ल्स डार्विननं १८७१ च्या एका ग्रंथात अशाच एका गृहस्थाची हकिकत दिलीय. तो तरुणपणी नुसत्या डोक्याच्या कातडीनं डोक्यावरची जड पुस्तकं फेकून द्यायचा आणि पैजा जिंकायचा. बापाला, चुलत्याला, आज्याला, पोरांना, सगळ्यांना ही विद्या. कानाला वारंवार हात लावून तिकडं लक्ष नेलं तर बहुतेकांना थोडीफार हालचाल परत मिळवता येईल, असंही डार्विन म्हणतो.

मी आरशासमोर उभा राहतो. कानाला हात लावतो, लक्ष नेतो, जोर लावतो. भुवया वर जातात, नाकपुड्या फुगतात. 'बाबा, पोट दुखायलंय का?' मुलगी विचारते. तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं क्षणभर डोळे बारीक केले आणि डावा कान हलवला. आता हे कुणाकडून आलं, यावर आमच्या घरात एकमत नाही.