लिमाहुलीला चपला घालून जाऊ नका

"बागच आहे हो, आई आरामात फिरतील," असं सहल आखून देणाऱ्याने सांगितलं होतं. म्हणून सासूबाई साडी-चपलेत आणि मी गुळगुळीत तळाच्या बुटांत. हवाईच्या काउआई बेटाच्या उत्तर टोकाला, उभ्या डोंगराखाली ही लिमाहुली बाग आहे. वाट जेमतेम पाऊण मैलाची, चढ साधारण 200 फुटांचा. कागदावर किरकोळ. पण रात्रभर पाऊस पडून गेलेला, पायाखाली सगळं निसरडं, आणि मधला टप्पा तर संपता संपेना. दोनदा फतकल मारून बसले. गुडघा अजून ठणकतोय, म्हणून स्पष्टच सांगते: गुडघे कुरकुरत असतील तर वर जाऊच नका.

सासूबाई अळूच्या वाफ्यांपाशीच थांबल्या, तेच शहाणपणाचं ठरलं. दगडी बांध घातलेली ही खाचरं शेकडो वर्षांपूर्वीची. इथले लोक कंद कुटून पोई नावाचा लगदा करतात. आपण पानांचं फदफदं करतो, एवढाच फरक. पूर्वी पॅसिफिकमधल्या बेटांवरून इथे आलेल्या पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून आणलेली झाडं म्हणजे नीरफणस, उंडी, हळद, ऊस, केळी. "रत्नागिरीलाच आणलंस की मला," इति सासूबाई.

अलुला नावाचं झाड मात्र शोधून बघाच. काठीवर कोबी खोचावा तसं दिसतं. त्याचं परागण करणारा पतंग संपला असं मानतात. वनस्पतीशास्त्रज्ञांनी कड्यांवर दोरखंडाला लटकून हाताने परागण केलं, बिया आणल्या. आता रानात ते बहुधा उरलेलंच नाही. ते बघताना पाच मिनिटं गुडघा विसरले.

आता पैशांचं. जवळच्या हाएना स्टेट पार्कचं आरक्षण वेगळं, बागेचं वेगळं. सहलवाल्याने आमच्या गळ्यात दोन्ही मारली, वर कमिशन. पार्कात आम्ही पाऊलही टाकलं नाही. माणशी 35 डॉलर पाण्यात. बागेचं आरक्षण बागेच्याच संकेतस्थळावर, स्वतः करा.

विमानतळ असलेल्या लिहुए गावाहून गाडीने तास-सव्वा तास धरा. वाटेतल्या हनालेई गावापुढे एकपदरी पूल लागतात. एका बाजूच्या पाच-सात गाड्या गेल्या की थांबून समोरच्यांना सोडायचं, अशी तिथली रीत. एप्रिल 2018 च्या पुरानंतर हा रस्ता बाहेरच्यांसाठी वर्षभराहून जास्त बंद होता, तेव्हा जोराचा पाऊस झाला तर आधी रस्त्याची चौकशी करा.

आणि डासांचं मलम लावूनच गाडीतून उतरा. आमचं डिकीत राहिलं होतं.